उणे एक हात

१२ जानेवारी
आलो एकदाचे भाईंदरला! इंद्रलोक भागात तळमजला, दोन खोल्या आणि ऐसपैस स्वयंपाकघर. परळच्या खुराड्यातून सुटल्यावर हा स्वर्गच. समोरच्या ममताताईंनी बायका जमवून दारातच अडवलं. उखाणा घ्या, मगच आत. उखाणे माझ्या लहानपणापासून डोक्यात जातात. एक पाय आत टाकून सांगून टाकलं, या घरात मी नवऱ्याचं नाव घेणार नाही म्हणजे नाही. सगळ्या हसल्या. उदय म्हणाला, रसिका, तुझ्या जिभेला हाड नाही. खरंच नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

१४ जानेवारी
माळा झाडताना तांब्याची बोटभर प्रतिमा सापडली. ममताताई म्हणाल्या, हा घराचा वास्तुपुरुष. मालकाने टाइल्स बदलताना उकरून काढला, परत पुरलाच नाही. मला तर लॉटरीच लागली! माझा नवा साहेब चंदन, त्याच्या कंपनीत माझं पहिलंच काम वास्तुपुरुष पुरायचं आहे. ते कॉम्प्युटरवर आख्खी वसाहत उभी करतात आणि परदेशातल्या लोकांना त्यात घरं विकतात, वास्तुशांतीसकट. त्या घरांच्या आग्नेय कोपऱ्यात, हातभर खाली, वास्तुपुरुष पालथा पुरायचा. मोबाइलने प्रतिमा स्कॅन करून तीच त्या जगात नेऊन ठेवली.

१६ जानेवारी
डोकं फिरलंय. कॉम्प्युटरमधल्या या जगाचा नियम असा की स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञावलीत, उंची उणे कितीही लिहा, वस्तू जमिनीला टेकली की थांबते. ग्राहकांच्या चीजवस्तू खाली हरवू नयेत म्हणून ही सोय. उणे एक हात लिहिलं, उणे शंभर लिहिलं, हा आपला वरच पालथा. शेवटी ओरडले, मग उताणाच पड मेल्या! चॅटच्या चौकटीत अक्षरं उमटली, ‘तथास्तु’. आणि तो उताणा झाला. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आई सांगायची. चंदनने चावटपणा करायला तेच बरोबर उचललंय.

१७ जानेवारी
चंदन फोनवर शपथा घेतो, त्याने काही केलेलं नाही. वर मलाच सुनावलं, एक मूर्ती पुरता येत नाही तर घरी बसून पोळ्या लाटा. फोन आपटला आणि म्हटलं, गाडा या मुडद्याला जमिनीत. लॅपटॉप बंद होता. तरी स्वयंपाकघरातून कुणी पुटपुटल्यासारखं वाटलं. नळ असेल.

१९ जानेवारी
चंदन गेला. त्याच्या शांती नगरच्या ऑफिसखाली लिफ्टच्या खड्ड्यात सापडला. पालथा. तोंडात माती भरलेली. सिमेंटच्या खड्ड्यात माती आली कुठून? मीच बोलले होते. माझीच मला किळस येतेय.

२० जानेवारी
तोंड उघडायचं नाही. उदयला सगळं कागदावर लिहून दिलं. तो हसला नाही. एवढंच विचारलं, की आल्यापासून तू मला नावाने हाक का मारत नाहीस? नुसतं ए, अरे, ऐक ना.
बोलायचं नाही हे विसरून नाव घेऊन पाहिलं. ‘उ’सुद्धा उमटेना. त्या दिवशी दारात मी—
त्या जगात जमिनीखाली जायला बंदी आहे. आपल्याकडे कुठे आहे?
उदय म्हणतो, उद्या प्रतिमा मुळात पुरलेली होती तिथेच पुरून टाकू. मला भीती वाटतेय.

२१ जानेवारी
उदयने आग्नेय कोपऱ्यातली फरशी उचलली. हातभर खणायचं होतं. हातभरानंतर माती संपली. खाली पोकळ. प्रतिमा निसटली, तो धरायला वाकला आणि—

हाका मारतोय. खूप खालून. रसिका, रसिका—

सुचलं. तथास्तुच म्हणतो ना हा? मग चांगलंच मागते. ओरडले, वर ये!

तथास्तु.

कुणीतरी चढतंय. जवळ आलंय. पण उदयच्या हाका अजून तितक्याच खालून—

कोणी वर यायचं ते मी सांगितलंच नाही. नाव घेता आलं असतं तर—

फरशीच्या कडेवर हात. बोटात उदयची लग्नातली अंगठी नाही. नखांत माती—

कागदावर तरी घेते, नाव घेते, उ

उद