डब्याजवळचा उसासा

चि. सौ. धाकटीस, आईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. इथे कामावर मिळालेल्या खोलीत ऊनही येतं.

इथल्या प्रयोगाच्या शेतात दगडाची पूड पसरली आहे. तिने हवेतला कार्बन मातीत मुरतो का, ते आम्ही पाहतो. जमिनीवर डबा उपडा ठेवला की आतला वायू यंत्र मोजतं. जवळ श्वासही सोडायचा नाही, नाहीतर आकडा चढतो.

काल माझ्यामुळे चढला. आमच्या संशोधक बाई म्हणाल्या, “मावशी, कुणाच्या नावाने उसासा टाकलात?”

तुझे बाबा गेल्यापासून सवयच झाली आहे, पण कालचा तुझ्यासाठी होता. तुला नववा लागला आणि जावईबापूंनी कळवलेल्या पायांच्या सुजेबद्दल तू एक अक्षर लिहीत नाहीस. डॉक्टरांना दाखवलंस का? मी वाचलंय, ती अंगावर काढायची नसते.

बाईंनी रजा दिली. शनिवारी तुझ्याकडे यायला निघते. तू ‘नको’ म्हणशील, म्हणून हे पत्र मुद्दाम उशिरा टाकते आहे.

तुझीच,
आई