डुक्कर फियाट आणि पद्मिनी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गिरगाव, ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दर्शनास,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. वि. वि. तू फोन आपटलास म्हणून कागद घेतला. हा आपटून फुटत नाही.

हितेंद्रभावोजी आमच्या मयूरला म्हणाले म्हणे, यंदा घरचा गणपती तुमच्या पद्मिनीतून थेट भोईवाड्याला जाणार. का? हे गेले म्हणून? मामंजींनी ५८ साली फियाट घेतली, तेव्हापासून बाप्पा तिच्यातूनच गिरगावात येतो. तिचं पुढचं दार उलटं उघडतं, मूर्ती धरून पाठमोरं टेकलं की झालं. तुझ्या ८७च्या पद्मिनीत मान मुरडून शिरावं लागतं. भाजी आणायला ठीक आहे ती. हे गेले, आता गणपतीही गेला तर या घरात माझं उरलं काय?

लोभ आपोआप टिकत नाही, एवढं ध्यानात ठेव.

सुभद्रा


भोईवाडा, ८ ऑगस्ट २०२५

ती. सुभद्रावहिनींस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या. सगळं लालबाग जिला डुक्कर फियाट म्हणून हसतं, तिच्यात तुम्ही देव बसवता. गेल्या वर्षी मूर्तीसकट पुलाच्या तोंडाशी बंद पडली, तेव्हा दोर बांधून गिरगावपर्यंत ओढली कोणी? भाजीच्या गाडीनेच ना? इंजिन हूं की चूं करत नाही, मग दार उलटं उघडो नाहीतर सुलटं!

कुशाबाभाऊजी होते तोवर ब्र काढला नाही. आता घरात मोठे हे, पूजेलाही हेच बसतात. पंचवीस वर्षं तुमच्याकडे येऊन मोदक वळते आहे. माझ्या दारात बाप्पा कधी यायचा?

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

दर्शना


गिरगाव, २८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दर्शनास,

आशीर्वाद. वि. वि. भावोजींनी तुला अर्धंच सांगितलं असेल, म्हणून लिहिते.

परवा लालबागला मूर्तीच्या कारखान्यासमोर आमची फियाट सुरू झाली नाही. मयूरने तीनदा हँडल मारलं. भावोजी हसले नाहीत, पण दाबलेलं हसू मला दिसलं. मग मी मूर्ती उचलली आणि तुमच्या पद्मिनीत पुढे बसले. त्यांना वाटलं, वहिनी नमल्या. पण मांडीवर घेतलेला देव घर येईपर्यंत खाली ठेवत नाहीत. मी म्हटलं, माझं घर गिरगावात, गाडी तिकडे घ्या. ते उतरा म्हणाले, हात जोडले, मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या. अर्ध्या तासाने त्यांनी गाडी वळवली.

गाडी तुझी चांगली, मान्य. एकदाही अडखळली नाही. तू औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी राहिलीस असं कळलं. त्याचं वाईट वाटलं. पण एवढंच.

रविवारी गौरी आहेत. यायचं तर बसने ये. विसर्जनाला चौपाटीवर न्यायला पद्मिनी इथेच लागेल. तिची किल्ली मी गणपतीच्या पायाशी ठेवली आहे, आणि भावोजींना ती तिथून उचलवत नाही.

उरलासुरला लोभ असू दे.

सुभद्रा