न पडलेली स्वप्नं

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच स्वप्न पडलं म्हणे! डोंगरावरचं घर, मागे मधमाश्यांच्या पेट्या, आणि हा तोंडावर जाळी बांधून मध काढतोय. सलग तिसरा दिवस. टोस्टवर लोणी फासता फासता नवरा सगळं साग्रसंगीत सांगत होता आणि मी घड्याळ बघत होते. सातला ड्रायव्हिंगचा क्लास. मुंगी चावली तर तासभर बोट चोळत बसणारा माणूस— तो मधमाश्या पाळणार!

ही वहीही त्यानेच आणलेली. रविवारी तो त्या स्वप्नमास्तरकडे जातो. पंधरा-वीस माणसं गोल करून बसतात आणि आपापली झोप एकमेकांना ऐकवतात. मास्तर पूर्वी विमा विकायचा, आता झोप विकतो. त्याचं म्हणणं, माणूस जागेपणी खोटं बोलतो, झोपेत बोलत नाही. आपल्याला आयुष्यात खरंच काय हवंय ते स्वप्नाला विचारा. उठल्याउठल्या लिहून काढा.

"तूही लिही ना," नवरा म्हणाला. "बघ तरी तुला काय हवंय."

मला? मला सातच्या आत गाडी बाहेर काढायची होती.

लिहीन. पण स्वप्नं नाही. दिवसभर जे गिळते ते ओकायला एक जागा हवीच होती.

४ मार्च

स्वप्न नाही. मला पडतच नाहीत. थकलेल्या माणसाला झोप पुरते.

५ मार्च, गुरुवार

आजचे नमुने. पहिला— बँकेतला साहेब. मी "क्लच" म्हटलं की ब्रेक दाबतो आणि वर "तुम्ही नीट सांगितलं नाही" म्हणतो. दुसरी कॉलेजातली— आरसा गाडी बघायला असतो हे तिला मान्यच नाही. तिसऱ्या नर्सबाई. वय चौसष्ट. रिटायर झाल्या आणि थेट आमच्या दारात. "जन्मभर अँब्युलन्समध्ये मागे बसले, आता पुढे बसायचंय." चौकात पाच वेळा गाडी बंद पाडली. मागचा ट्रकवाला शिव्या देत होता, आणि बाई काच खाली करून त्याला म्हणतात, "ओरडू नका, बीपी वाढेल!"

त्या एकट्या बऱ्या. बाकी सगळे माझ्या जिवावर उठलेत.

सोळा वर्षं मी शेजारच्या सीटवर बसतेय, पायाखाली जादा ब्रेक. दुसऱ्यांच्या चुका आपल्या पायाने दाबायच्या— हाच माझा धंदा. उजव्या गुडघ्याचं पार वाटोळं झालंय. आणि नवरा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात काउंटरमागे पंख्याखाली बसून फॉर्म भरतो. आज तर फॉर्म भरायला आलेल्या माणसाला विचारत होता, "काल काय स्वप्न पडलं?" तो बिचारा लायसन्स काढायला आलेला!

८ मार्च, रविवार

मास्तरकडून आला तो चेहरा उजळलेला. मी भांडी आवरत होते. मागे येऊन उभा राहिला.

"स्कूल विकावं असं येतंय."

"कुठून येतंय?"

"आतून."

मी हातातलं पातेलं आपटलं. विकायचं? त्याच्या वडिलांनी सुरू केलेलं, पण ओढलं कुणी? ते गेले तेव्हा एक खटारा गाडी होती. आज दोन धड गाड्या आहेत. या भागातल्या निम्म्या बायकांना मी गाडी शिकवली. आणि हा ठरवणार, डोळे मिटून!

"मी कुठे ठरवतोय? स्वप्न म्हणतंय."

हे बरंय! एवढा मोठा पुरुष, आणि स्वतःच्या तोंडाने "मला विकायचंय" म्हणायची छाती नाही. मधमाश्यांना पुढे करतो.

९ मार्च, सोमवार

गिऱ्हाईकसुद्धा आणलं! गाड्या धुण्याचं मोठं सेंटर चालवतो म्हणे. तोंडात साखर. "वहिनी, तुम्ही आता आराम करा." वहिनी! कुणाची रे वहिनी? माझ्या गाडीचं बॉनेट उघडून तो आत वाकला, तेव्हा वाटलं बॉनेट सोडून द्यावं.

१० मार्च, मंगळवार

मीही आज एक स्वप्न सांगितलं.

ठरवून. दात घासतानाच जुळवलं. त्याची मधमाश्यांची कथा संपली, तशी मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आज मलाही पडलं. बाबा आले होते."

त्याचा टोस्ट हातातच राहिला. "माझे बाबा?"

"ऑफिसच्या दारात उभे होते. चप्पल काढेनात. मी म्हटलं, आत या. तर म्हणाले, 'आत यायला माझं काही उरलंय का?'"

काय सुचलं मला! पांढराफटक पडला. सासरे जिवंत असताना मला एका शब्दाने चांगलं म्हणाले नाहीत. मेल्यावर का होईना, कामाला आले.

दुपारी गिऱ्हाइकाला फोन करत होता, "थोडं थांबू या." मी दाराआड उभी राहून ऐकलं. पश्चात्ताप? तिळभर नाही.

१३ मार्च

दोन दिवस शांतता. मधमाश्याही गप्प.

१५ मार्च, रविवार

मास्तर पक्का निघाला. त्याने सगळ्यांसमोर निवाडा दिला— बाबा तुमच्या स्वप्नात नाही, बायकोच्या स्वप्नात आले. म्हणजे ते बाबा नव्हेत, ती बायकोचीच इच्छा. आधी तिला काय हवंय ते बघा.

मग हा माझ्यासमोर वही-पेन घेऊन बसला. "सांग. आणखी काय दिसतं तुला?"

माघार घेईन तर मी कसली! ठोकून दिलं— मोठं मैदान दिसतं. दहा गाड्या, ओळीने. सगळ्या आपल्या. पंचवीस-तीस बायका शिकायला आल्यात, आणि मी मध्ये उभी राहून शिट्टी वाजवतेय.

"शिट्टी कसली?"

"लोखंडी."

त्याने "लोखंडी" असं लिहून घेतलं!

१७ मार्च, मंगळवार

रोज सकाळी भर घालते. काल मैदानाला कुंपण घातलं. आज गाड्यांना रंग दिला, सगळ्या पिवळ्या. हा घास थांबवून ऐकतो. सोळा वर्षांत या माणसाने माझ्याकडे असं एकटक पाहिलं नव्हतं. मी काय बोलते, पुढे काय झालं, मग तुला कसं वाटलं— हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारतो. आणि कशासाठी? थापांसाठी! खरं बोलत होते तेव्हा हा पेपर वाचत होता.

सगळ्यात संताप याचा की सकाळची मी वाट बघायला लागलेय.

नर्सबाईंना विचारलं, "तुम्हाला स्वप्नं पडतात?" म्हणाल्या, "चाळीस वर्षं रात्रपाळी केली. स्वप्नं बघायला आधी झोपावं लागतं, बाई." आणि रिव्हर्समध्ये गाडी थेट फुटपाथवर चढवली.

२० मार्च, शुक्रवार

जिंकले!

त्याने गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून कळवलं. माझ्यासमोर फोन केला. फोन ठेवून माझ्याकडे वळला, "तुला एवढं हवंय तर नाही विकायचं." आवाज कसा— वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा. मग खिशातून एक कागद काढला. तिसरी गाडी बघून ठेवलीय. पिवळी मिळत नाही, पण रंगवून घेता येईल. पुढच्या आठवड्यात ठरवून टाकू. सकाळचे क्लास सातऐवजी सहाला सुरू केले तर तिन्ही गाड्यांचा खर्च भागेल.

सहाला!

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जिंकलेल्या माणसाने काय म्हणायचं असतं?

२३ मार्च, सोमवार

आज मला खरंच पडलं.

दुपारी दोन क्लासच्या मध्ये अर्धा तास मोकळा होता. गाडी झाडाखाली लावली, सीट मागे केली. डोळा कधी लागला कळलं नाही.

मी मागच्या सीटवर होते. मागच्या! चपला काढलेल्या, पाय वर घेतलेले. गाडी कुणीतरी दुसरंच चालवत होतं— कोण ते दिसलं नाही, बघायची इच्छाही झाली नाही. वेग किती, गिअर कुठला, काही पाहिलं नाही. चौक आला. आडवी गाडी आली. माझा पाय हललासुद्धा नाही. कुठे चाललोय हे विचारलं नाही. खिडकीतून झाडं मागे जात होती आणि मला काही म्हणजे काही करायचं नव्हतं.

टकटक झाली. काचेबाहेर नर्सबाई.

"उठवू की नको असं झालं होतं," त्या म्हणाल्या. "झोपेत हसत होतात तुम्ही."

"मी हसत नाही."

"हसत होतात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं."

मी त्यांच्यावर खेकसले— सीटबेल्ट लावा, आरसा बघा! त्या मुकाट्याने बसल्या. पूर्ण तासभर एकदाही गाडी बंद पडली नाही, आणि त्याचं कौतुक करायचंही माझ्याने झालं नाही. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. दहा गाड्या कुठे होत्या? मैदान कुठे होतं? शिट्टी? काहीच नव्हतं! एक मागची सीट आणि मी.

२४ मार्च

सकाळी त्याने विचारलं, "आज काय दिसलं?"

"काही नाही."

"शिट्टी?"

"काही नाही म्हटलं ना!"

२६ मार्च, गुरुवार

सगळं बाहेर पडलं. तिसऱ्या गाडीच्या कागदावर सही करायला त्याने पेन पुढे केलं आणि माझं डोकं फिरलं.

"मला बाबा दिसलेच नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा नाहीत, मैदान नाही, दहा गाड्या नाहीत. सगळं मी रचलं. तुझ्या मधमाश्यांचं तोंड बंद करायला!"

वाटलं, आता हा ओरडेल. निदान आज तरी. तो खुर्चीत बसला, पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"मलाही नव्हतं पडलं," तो म्हणाला.

"काय?"

"डोंगरावरचं घर. मधमाश्या. एकदाही नाही. डॉक्टरकडे बसलो होतो तेव्हा तिथल्या मासिकात फोटो होता."

मी मग असा काही आवाज लावला की वरच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. मग कशाला? कशाला हे सगळं सोंग?

"मला फक्त त्या काउंटरमागून उठायचं होतं गं. तोच फॉर्म, तोच शिक्का. बाबा होते तेव्हाही मला नको होतं."

"मग तसं म्हणायचं!"

"कुणाला? तू पहाटे उठून गाड्या पुसतेस. तुझा जीव त्यात आहे. तुझ्या तोंडावर कसं म्हणणार, मला हे नकोय?"

"माझा जीव? मी तुझ्या बाबांचं म्हणून ओढतेय! तुझं घराणं, तुझं नाव! माझ्या गुडघ्याला विचार माझा जीव कशात आहे ते!"

"म्हणजे तुलाही नकोय?"

मी त्याला सोमवारचं स्वप्न सांगितलं. पहिलंवहिलं खरं. त्याने वही घेतली नाही, नुसतं ऐकलं. शेवटी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"तू नव्हतास एवढं नक्की. तुला गाडी कुठे येते!"

लोक म्हणतील, आता दोघं गळ्यात पडले असतील. अजिबात नाही. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सोळा वर्षं! एका वाक्याचं काम होतं. सोळा वर्षांत दोघांपैकी एकालाही ते वाक्य बोलता आलं नाही. त्याच्यावर चिडावं तर माझंही तोंड शिवलेलंच होतं. म्हणून तर जास्त चीड येते.

२८ मार्च, शनिवार

गिऱ्हाइकाला मीच फोन केला. "वहिनी, उशीर केलात." त्याने चौकापलीकडचं स्कूल घेतलं. वर म्हणतो कसा, "तुम्हाला नोकरी हवी असेल तर सांगा, चांगली माणसं मिळत नाहीत."

मी फोन आपटला. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मास्तरना विचारू या का?"

मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

"नको," तोच म्हणाला.

३० मार्च, सोमवार

सकाळी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवला. शिकायला आलेत त्यांचं पूर्ण करून देऊ, नवीन प्रवेश बंद. पायरीवरच आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणत होता एवढंच पुरे, पुढचं पुढे बघू. मी त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि "बंद"च्या आधी "कायमचे" लिहिलं.

त्याने ते दोनदा वाचलं. मग खालच्या कोपऱ्याची चिकटपट्टी सुटत होती, ती अंगठ्याने दाबून धरली.