मागची सीट

रविवार, १२ फेब्रुवारी २०१७, कैनाड

आज सासऱ्यांची जुनी फटफटी मी एकटीने बोर्डीला नेली आणि परत आणली. लिहून ठेवतेच.

सासरे हिच्यावर गुजरातभर फिरले. आमच्या ह्यांनी मात्र तलासरीच्या मिस्त्रीकडून तिच्या पेट्या, पुढची काच, मागची सीटसुद्धा उतरवली. म्हणे हलकी होईल. झाली खरी. आणि काल म्हणतात, "तुला काय झेपत नाही, विकून टाकतो." मी म्हटलं, उद्या बोर्डीला जाऊन येते, पडले तर विका.

हिचा ब्रेक डाव्या पायाला, गियर उजव्याला. शिकताना हे मागे बसून ओरडायचे, "डावा, अगं डावा!" की माझा नेमका उजवाच पडायचा. आज मागे सीटच नाही, ओरडणार कोण?

सुरूच्या झाडांजवळ म्हैस आडवी आली. डावा पाय आपोआप दाबला गेला. गाडी जागच्या जागी उभी. म्हशीला म्हटलं, जा बाई सावकाश. मग समुद्राच्या कडेने अशी पळवली, काय सांगू. कुणाला सांगणार तरी?

घरी आले तर हे ओट्यावर उभेच. गाडीभोवती फिरून ओरखडा शोधला, मिळाला नाही.

"नाही विकत. पण मागची सीट परत लावू. मी कुठे बसू?"

"ओट्यावर."

सीट माळ्यावर आहे. शिडी मी शेजारच्यांना चिकू काढायला देऊन आले.