मदतनीस हेलेद

३ मार्च, मंगळवार
आजपासून अधिकृत मदतनीस. आठ आठवड्यांचं ट्रेनिंग संपलं, बिल्ला मिळाला. अंगावर पाजणाऱ्या नव्या आयांना आपणही आई म्हणून आधार द्यायचा. ट्रेनिंग घेणाऱ्या मिसेस प्रोबर्टनी परत बजावलं, की सल्ले देऊ नका, ऐकून घ्या. मला कशाला सांगायचं? मी जात्याच ऐकणारी.

५ मार्च
रोनवेन बाळंत झाली. माझी धाकटी बहीण. मुलगी, एफा. घरातच तयार मदतनीस, नशीबवान आहे पोरगी. मी माझ्या दोघांना दोन-दोन वर्षं पाजलंय.

९ मार्च
रोनवेन म्हणाली, ताई, फार दुखतं गं, रक्त येतं. शांतपणे ऐकून घेतलं. मग पाऊण तास बोलले.

१२ मार्च
एफाचं वजन घटलंय. नर्स म्हणे वरचं दूध द्या. नर्सला काय कळतंय! रोनवेननं दुधाच्या पावडरीचा डबा आणून ठेवला होता. उघडणार नाही, अशी तिला शपथ घातली. ती रडली. धीर आल्यामुळे असावं.

१३ मार्च, दुपार
रोनवेनचे तीन फोन. मुद्दाम उचलले नाहीत. स्वतःवर विसंबायला शिकू दे.

१४ मार्च
एफा हॉस्पिटलात. अंगातलं पाणी कमी झालंय, सलाईन लावलंय. रोनवेनचा नवरा ग्लिन दारातच आडवा उभा. म्हटलं, बाळाला कसं धरायचं ते दाखवते. तो म्हणाला, हेलेद, घरी जा. दमलाय बिचारा.

१७ मार्च
एफा घरी आली. बाटलीनं पिते. मिसेस प्रोबर्टना मी स्वतःहून सगळं सांगितलं. ग्लिननं आधीच सांगितलं होतं. त्यांनी बिल्ला परत घेतला. तात्पुरता असेल.

२४ मार्च
रोनवेनकडे गेले. समजावून सांगायचे मुद्दे लिहून नेले होते, दोन पानं. तिनं आत घेतलं नाही. उंबऱ्यातच म्हणाली, त्या दुपारी एफा डोळे उघडत नव्हती. डबा हाताशी होता, ताई. तू एकदा हो म्हणाली असतीस, तर दिलं असतं. मी तुझ्या होची वाट बघत बसले. माझ्या लेकीला उपाशी ठेवून.

मी दोन्ही पानं घडी करून पर्समध्ये परत ठेवली. तिनं दार हळूच लावलं, बाळ झोपलं होतं.

स्टॉपवर बसून राहिले. दोन बस गेल्या. तिसरीचा ड्रायव्हर म्हणाला, बाई, चढा आता, ही शेवटची.