अस्वल कोण, हे विचारलं कुणी होतं?

४ एप्रिल

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

दार वाजलं की आवाज खाली आणणाऱ्या माझ्या माणसांनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. पोटात एक असतं आणि आपण हवापाण्यावर बोलतो. म्हणून मी जनावरांवर बोलले. कादंबरी छापून झाली. डोंगरातल्या झऱ्यावर एक अस्वल बसलंय. म्हणतं, पाणी चोरीला जाऊ नये म्हणून बसलोय. कावळे रोज त्याच्या झोपेचे गोडवे गातात. गाढव सगळ्यांसाठी पाण्याच्या पखाली वाहतं आणि स्वतः तहानलेलं राहतं.

काल तपासणी कचेरीची माणसं बाईंडरच्या दुकानात शिरली. छापील पानांचे न शिवलेले फर्मे, शिवणीचा दोरा, खळीचं भांडंसुद्धा उचलून नेलं. त्या खळीत मी कोणता राजद्रोह कालवला होता, देव जाणे! बाईंडरलाही चौकशीसाठी अडकवून ठेवलंय. त्याची बायको बंद दुकानाच्या पायरीवर बसून आहे.

दादा, तुला बोलावलं तर एवढंच सांग की बहीण लिहिते, मी वाचत नाही. ते खरंही आहे. माझं पहिलं पुस्तक तू डगमगत्या टेबलाखाली सरकवलंस, हे वहिनीनं मला केव्हाच सांगितलंय.

दोघांनी तब्येतीला जपा. राग असला तरी माया राहू द्या.

तुमची धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आता खुशाल झोप. काम फत्ते! मला बोलावलं होतं. साहेब सज्जन निघाले, चहा दिला. कागद कुठून घेते, कुणाकडे जाते-येते, असलं काहीबाही विचारत बसले. मी म्हटलं, साहेब, ते राहू द्या, मुळातला गैरसमजच दूर करतो. ते अस्वल म्हणजे आपले सर्वोच्च नेते मुळीच नव्हेत. कावळे म्हणजे रेडिओवाले नव्हेत. साहेब इतके खूश झाले की त्यांनी लेखनिकाला बोलावून सगळं उतरवून घेतलं. मी खाली ठसठशीत सही ठोकली.

तुझी बाजू मांडायची म्हणून तू छपाईआधी पाठवलेली हस्तलिखित प्रत एका बैठकीत वाचली. ते गाढव आमच्या पाणीखात्यातल्या शिपायावरून उचललंस ना? फायली वाहताना अगदी तस्सा दिसतो. पोट धरून हसलो.

तुझी वहिनी मात्र ऐकल्यापासून माझ्याशी बोलत नाही. कारण विचारलं तर भांडी आपटते. तूच तिला समजाव.

घराकडे मन असू दे.

तुझा दादा

११ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, अस्वल कोण, हे विचारलं कुणी होतं? माझ्या वकीलबाई म्हणतात, फर्म्यांच्या गठ्ठ्याची दोरीसुद्धा त्यांनी सोडलेली नव्हती. ते फक्त बिनपरवान्याच्या कागदाच्या मागे होते. अस्वल तू त्यांच्या टेबलावर नेऊन बसवलंस! आता माझ्यावर आणि बाईंडरवर एकच आरोप आहे, सर्वोच्च नेत्यांची विटंबना, आणि पुरावाही एकच: सख्ख्या भावाचं सहीनिशी निवेदन. वहिनी भांडी का आपटते, कळलं?

तरी तुझ्यावर रागावता येत नाही. झऱ्यावर कुणीतरी ठाण मांडलंय म्हटल्यावर तुला जे आठवलं, तेच साहेबांना आठवलं, लेखनिकालाही आठवलं. तिघांतल्या एकालाही नाव शोधावं लागलं नाही. मग विटंबना केली कुणी, मी की त्या ठाण मांडणाऱ्यानं?

आणि अस्वल चटकन ओळखणाऱ्या माझ्या भावाला गाढवासाठी मात्र शिपाई शोधावा लागला. दादा, ते गाढव तू आहेस. जन्मभर पाणीखात्यात खपलास आणि संध्याकाळी बादली घेऊन रांगेत उभा राहतोस. आमच्या शिक्षणासाठी पाठ वाकवलीस, हूं की चूं केलं नाहीस. चिडू नकोस. शेवटचं पान पुन्हा वाच. सगळ्या डोंगरात पखाल खाली ठेवून अस्वलासमोर उभं राहतं ते तेवढंच एक जनावर. ते मी टिंगलीनं लिहिलेलं नाही. तुझ्याकडे बघून लिहिलंय.

खाली जे मागतेय, त्यात तुझी नोकरी जाऊ शकते, हे मी जाणते. बाईंडरचं दुकान तर गेलंच आहे, आणि त्यानं एक ओळही लिहिलेली नव्हती.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, आता हिंमतही असू दे.

तुझी धाकटी

ता. क. सुनावणी शुक्रवारी सकाळी आहे. ये. न्यायाधीशांसमोर उभा राहा आणि सांग, की ते निवेदन माझ्या भीतीनं लिहिलं होतं, मी ते मागे घेतो; या पुस्तकात मला एकच ओळखीचं जनावर सापडलं, ते गाढव, आणि ते मी आहे.