सध्या वाचत असलेली पुस्तके, आणि घर कोणाला

मी, हा कागद लिहून ठेवणारी, वय एकाहत्तर, विमा कंपनीतून दावे-तपासनीस म्हणून निवृत्त, विधवा, आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दार आतून लावले आहे. शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही, चहा करून देऊन कोणी मन वळवत नाही. चहा मी केला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मुलाच्या ओळखीतल्या माणसाने टाइप केले होते आणि त्यात मी न सांगितलेला एक परिच्छेद निघाला होता.

१. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडची गॅलरी. तिसरा मजला, खाली औषधांचे दुकान. हे घर मी माझ्या पगारातून घेतले. नवऱ्याने त्यात पंखे बसवले, त्याबद्दल त्याचे आभार मी तो असतानाच मानले आहेत. माझ्या पश्चात हे घर माझ्या मुलीला मिळावे. संसार मोडल्यापासून ती भाड्याच्या खोलीत राहते. मुलाला स्वतःचे घर आहे, याच रस्त्यावर, लिफ्टसकट.

मुलाला हे आवडणार नाही. तो भांडणार नाही, आवाज चढवणे त्याच्या स्वभावात नाही. तो एवढेच म्हणेल की आईला शेवटी शेवटी कळेनासे झाले होते. त्याच्याकडे तसा पुरावा आहे. तो पुरावा मीच त्याला दिला. म्हणून पुढचे कलम लांबले आहे.

२. पुस्तकांबाबत. मुलगा दर रविवारी येतो. गेल्या वर्षापासून खुर्चीत टेकला की विचारतो, “आई, सध्या काय वाचतेयस?”

पूर्वी तो असे विचारत नसे. शाळेत असताना अवांतर पुस्तकाला त्याने हात लावला, तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालायला.

नोकरीभर मी लोकांना प्रश्न विचारले. आग कशी लागली, हे मी कधीच आधी विचारत नसे. दुकान कसे चालते, मुले काय करतात, असे विचारी. माणूस सैल पडला की कागद पुढे ओढायचा. शाळेला सुट्टी असली की मुलगा कचेरीत माझ्या टेबलाखाली बसून हे ऐकत असे.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, “आणि हेच का घेतलंस?” त्याच्या पुढच्या रविवारी, “मागचं कुठवर आलं?” आधीचे उत्तर आताच्या उत्तराशी ताडून बघायची ही माझीच पद्धत होती.

तेव्हापासून मी खरी पुस्तके गादीखाली ठेवली आणि त्याला खोटी सांगू लागले. दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाच्या आठवणी वाचते आहे, म्हणाले. असे पुस्तक माझ्या माहितीत नाही. पण सांगितलेले नीट लक्षात ठेवून मी दर रविवारी ते पुढे नेले. वादळ झाले. रसद आणणारी होडी आली नाही. धाकट्या मुलीला गोवर आला. स्मरणशक्ती गेलेल्या बाईला हे जमणार नाही, याची न्यायालयाने नोंद घ्यावी.

माझी चूक अशी की तो ते पुस्तक शोधायला जाईल, हे मी धरले नाही. तो ग्रंथालयात गेला. ग्रंथपालाने मला सांगितले.

“ताई, तुमचे चिरंजीव येऊन गेले. दीपगृहाचं काहीतरी मागत होते. म्हटलं, आपल्याकडे नाही असलं. तर म्हणतात, आई तर वाचतेय.”

“मग?”

“मग काय, म्हटलं ताईंनी नेलेली वेगळी आहेत.”

“कोणती, ते सांगितलंत?”

“छे हो. तुम्ही बजावलं होतंत.”

“तोंड कसं झालं त्याचं?”

“कसं म्हणजे… उतरलं.”

उतरलं हे ग्रंथपालाचे मत आहे. मी ते पाहिलेले नाही.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा एका मित्राला घेऊन आला. मित्राने माझ्या तोंडाआधी माझ्या हातांकडे पाहिले, ते थरथरतात का म्हणून. मेंदूचा डॉक्टर, हे मी तिथेच ओळखले. तो म्हणाला, “काकू, वाचनाचा नाद आहे म्हणे तुम्हाला. सध्या काय चाललंय?”

“तुमचं काय चाललंय?”

“माझं? एक घेतलंय ना. निळ्या कव्हरचं. बायकोनं दिलंय.”

“कशाबद्दल आहे?”

“सुरुवातच आहे अजून.”

“नाव?”

तो मुलाकडे बघू लागला. मुलगा हसला. ते हसू माझ्या बाजूचे होते की मित्राच्या, हे मला ठरवता आले नाही. त्या मित्राचा मेंदू तपासावा, असे मात्र कोणाला सुचले नाही.

सबब मी आजमितीस खरोखर काय वाचत आहे आणि का, ते इथे जाहीर करते. तिन्ही पुस्तके टेबलावर आहेत आणि साक्षीदारांनी सहीआधी ती हाताळून पाहावीत. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. लिहिली तर कोणीतरी पुढे जाऊन शेवट वाचेल आणि मला येऊन सांगेल.

(अ) खुनाची एक कादंबरी. शेवटचे प्रकरण मी आधी वाचले. खुनी कोण ते माहीत असले की तो बाकीच्यांशी किती गोड बोलतो, इकडे नीट लक्ष देता येते.

(आ) विषारी झाडांवरचे सचित्र पुस्तक. सुनेने गॅलरीसाठी गुलाबी फुलांचे एक रोप दिले. ते या पुस्तकात सापडले. तिला हे ठाऊक होते, असे माझे म्हणणे नाही. कुंडी जिन्यात ठेवली आहे. माझ्या पश्चात ती सुनेला परत द्यावी, फुलांसकट.

(इ) म्हातारपणीच्या विसराळूपणावरचे पुस्तक. हे हाती लागले तर मुलगा म्हणेल, बघा, तिलाच शंका आहे. आहेच. सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि स्वतःला वगळायचे, याला तपास म्हणत नाहीत. त्यातली लक्षणे मी स्वतःला लावून पाहिली. थोडी जुळतात. मुलीला लावून पाहिली तर सगळीच जुळतात, आणि ती अजून पन्नाशीला आलेली नाही.

काय वाचतेयस, हा प्रश्न मुलगी फोनवर कधी विचारत नाही. ती स्वतःचेच सांगत बसते. घर तिला देण्याचे कारण हे नव्हे, पण मदत झाली.

३. किरकोळ. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. नोकरीतले भिंग, मोजपट्टी आणि विजेरी नातीला. ती प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. यातली दुसरी गोष्ट आमच्या घरात अजून कोणाला जमलेली नाही. आमच्या कचेरीतले मुख्य तपासनीस हयात असल्यास माझ्या मृत्यूची बातमी त्यांना कळवू नये. ते खात्री करायला येतील.

४. इथवर परवा लिहून झाले होते. साक्षीदारांना आजची वेळ दिली होती. काल संध्याकाळी दार वाजले. मी साखळी न काढता उघडले. मुलगा होता.

“आज रविवार नाही,” मी म्हणाले.

“माहितीये. हे द्यायला आलो.” त्याने फटीतून एक पुडके आत सरकवले. “तुझं ते दीपगृहाचं कुठंच मिळेना. जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला, या विषयावरचं एवढं एकच आलंय. तुझंच आहे का बघ.”

“माझं माझ्याकडे आहे.”

“असू दे मग. मी वाचायला घेतलं होतं खरं तर. त्या पोरीच्या गोवराचं पुढे काय झालं, बघावं म्हटलं. पण यात पोरगीच नाहीये.”

“साखळी काढते, थांब.”

“नको, गाडी दुसऱ्याच्या दारात लावलीये.”

जिना उतरताना तो मधल्या मजल्यावर थांबला. कशासाठी, ते दिसले नाही. मग खाली गेला.

पुस्तक तपासले. दीपगृहांतल्या दिव्यांची रचना, भिंगांचे प्रकार, तेलाचा खप. सुरुवातीच्या पानांच्या कोपऱ्यांवर बोटांचे तेलकट ठसे आहेत. पुढे एका पानाचा कोपरा दुमडला आहे. त्यानंतरची पाने स्वच्छ, एकही ठसा नाही.

याचे दोन अर्थ होतात. एक: हे माझेच पुस्तक, असे मी म्हटले असते तर त्याचा पुरावा पक्का झाला असता. “तुझंच आहे का बघ” हा सापळा चांगला आहे. मीही असाच लावला असता. दुसरा: त्याला त्या मुलीची काळजी लागली होती. पुरावा गोळा करणारा माणूस भिंगांवरची इतकी रटाळ पाने जेवताना वाचत नाही. किंवा वाचल्यासारखी दिसतील अशी करून ठेवतो. असे ठसे मी पाहिले आहेत.

तरी कलम १ मध्ये बदल नाही. घर मुलीचेच. कलम २ मध्ये पुढील भर घालावी:

(ई) दीपगृहांच्या दिव्यांवरचे पुस्तक. आज सकाळी सुरू केले. का, याचे उत्तर: तपास चालू आहे.

हे पुस्तक माझ्या पश्चात मुलाला द्यावे. दुमडलेला कोपरा मी सरळ केलेला नाही. माझी खूण त्याच्या पुढे सापडली, तर तिथवर तरी त्याने वाचावे.

दीपगृहातल्या धाकट्या मुलीचा गोवर उतरला आणि ती हिंडूफिरू लागली. हे मी त्याला रविवारी स्वतः सांगणार आहे. त्याआधी माझे काही झाले तर साक्षीदारांनी सांगावे. मुलगी बरी झाली हे आधी सांगावे. असे पुस्तक नव्हतेच, हे नंतर.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: ग्रंथपाल. (सही)
साक्षीदार दुसरा: खालच्या औषध दुकानाचा मालक. (सही)
दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही. खात्री करून घेतली आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: दोन नोव्हेंबर, शनिवार